द्रोह कोणाचा, निष्ठा कोणाशी?

१९६४ साली पश्चिम नायजेरियातील नामवंत नाटककार आणि नट ह्यूबर्ट ओगुंडे यांनी ‘योरूबा रोनू’ हे नाटक रंगभूमीवर आणले. शीर्षकाचा अर्थ ‘योरूबांनो, विचार करा’. गोष्ट एका राजाची आणि त्याचा घात करणाऱ्या त्याच्या दुय्यमाची. नावे काल्पनिक होती. परंतु राजा म्हणजे तुरुंगात असलेले ओबाफेमी आवोलोवो आणि दुय्यम म्हणजे प्रांताच्या सत्तेवर बसलेले सॅम्युएल लाडोके अकिंटोला, हे प्रेक्षागृहातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नव्हते. ते सरकारलाही कळले. ओगुंडे यांच्या नाटकमंडळीवर पश्चिम प्रांतात बंदी घालण्यात आली आणि ती उठली १९६६ मध्ये, लष्कराने सत्ता घेतल्यानंतर.

एखाद्या राजकीय भांडणाचा निकाल नाटक इतक्या लवकर आणि इतक्या ठामपणे देऊन टाकते, तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहणे इष्ट. राजा आणि दुय्यम हे रूपक एकदा स्वीकारले की बाकीचे सारे ठरूनच जाते. राजाविरुद्ध जाणारा तो द्रोही. पण पक्षाच्या अध्यक्षाला राजा मानायचे का, हा प्रश्न त्या रूपकात विचारताच येत नाही. १९६२ मध्ये ॲक्शन ग्रुप या पक्षात जी फूट पडली, तिच्या मुळाशी नेमका हाच प्रश्न होता असे मला वाटते. निष्ठा कोणाशी ठेवायची? नेत्याशी, पक्षाशी, विधानसभेशी, की आपल्या लोकांच्या हिताशी? आणि ज्याने ती मागितली, त्याची स्वतःची महत्त्वाकांक्षा कुठे बसवायची?

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. स्वातंत्र्यापूर्वीचा नायजेरिया तीन प्रांतांत विभागलेला होता. उत्तरेत हौसा-फुलानी समाज आणि अहमदू बेल्लो यांची नॉर्दर्न पीपल्स काँग्रेस. पूर्वेत इग्बो समाज आणि न्नामदी अझिकिवे यांचा एनसीएनसी हा पक्ष. पश्चिमेत योरूबा समाज आणि १९५१ मध्ये स्थापन झालेला आवोलोवो यांचा ॲक्शन ग्रुप. ही विभागणी वाटते तितकी घट्ट नव्हती. अझिकिवे स्वतः १९५१ च्या निवडणुकीत पश्चिम प्रांतातूनच, लागोसमधून, निवडून आले होते. निवडणुकीनंतर इबादानच्या विधिमंडळात कोणाचे बहुमत आहे हेच स्पष्ट नव्हते, कारण अनेक सदस्य स्थानिक गटांचे किंवा अपक्ष होते. इबादान पीपल्स पार्टीचे सहा सदस्य निवडून आले होते. त्यांपैकी पाच जण ॲक्शन ग्रुपकडे गेले, आणि एकटे अदेगोके अदेलाबू एनसीएनसीबरोबर राहिले. अझिकिवे यांना विरोधी बाकांवर बसावे लागले. सभागृहातला गालिचा ओलांडून पलीकडे जाणे, ‘कार्पेट-क्रॉसिंग’, हा शब्दप्रयोग नायजेरियाच्या राजकीय भाषेत रुजला तो या प्रसंगापासून. आपल्याकडे ‘आयाराम-गयाराम’ रूढ व्हायला आणखी पंधराएक वर्षे जायची होती.

या घटनेविषयी दोन्ही पक्षांचे म्हणणे आजही वेगळे आहे. एका बाजूच्या मते ते पक्षांतर होते. दुसऱ्या बाजूच्या मते ते सदस्य मुळी एनसीएनसीचे कधी नव्हतेच. वाद मिटवण्याची येथे गरज नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच की, ज्या पक्षाने दहा वर्षांनी ‘द्रोह’ हा शब्द इतक्या मोठ्याने उच्चारला, त्या पक्षाची पहिली सत्ता गालिचा ओलांडून आलेल्या माणसांच्या आधारानेच उभी राहिली होती. इकडे अझिकिवे पूर्वेकडे परतले. तिथे त्यांच्याच पक्षाचे एयो इटा सरकारचे प्रमुख होते. १९५३ मध्ये एयो इटा यांना बाजूला सारण्यात आले आणि १९५४ मध्ये अझिकिवे पूर्व प्रांताचे प्रीमियर, म्हणजे प्रांतिक पंतप्रधान, झाले. एयो इटा यांनी वेगळा पक्ष काढला. त्यांच्यासाठी मात्र कोणी ‘विचार करा’ असे नाटक लिहिले नाही.

आता मुख्य पात्रांकडे वळू. आवोलोवो यांचा जन्म १९०९ चा, इकेन्ने गावचा. कष्टाने वर आलेले, शिस्तीचे, आकडेवारीत रमणारे, लेखी विचार मांडणारे गृहस्थ. १९५४ ते १९५९ ते पश्चिम प्रांताचे प्रीमियर होते. जानेवारी १९५५ मध्ये त्यांनी मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९५९ मध्ये इबादानला दूरचित्रवाणी केंद्र उभे राहिले. या सगळ्यामागे कोकोच्या व्यापारातून जमलेला पैसा होता. अकिंटोला १९१० चे, ओगबोमोशोचे. शिक्षक, मग ‘डेली सर्व्हिस’ या वृत्तपत्राचे संपादक, मग वकील. योरूबा भाषेवर त्यांचे असाधारण प्रभुत्व होते. म्हणी, कोट्या, टोमणे यांनी भरलेली त्यांची भाषणे ऐकायला विरोधकही येत, असे सांगतात. आवोलोवो यांचे वजन कार्यक्रमात होते. अकिंटोला यांचे बोलण्यात. पहिला पक्षाचा नेता, दुसरा उपनेता. दोघांच्या मुलखांतही अंतर होते: आवोलोवो इजेबू-रेमोचे, तर अकिंटोला जुन्या ओयो राज्याच्या परंपरेतले. योरूबा एकीच्या घोषणेखाली हे जुने भेद झाकलेले होते, पुसले गेलेले नव्हते.

डिसेंबर १९५९ मध्ये स्वातंत्र्यपूर्व केंद्रीय निवडणूक झाली. आवोलोवो यांनी प्रीमियरपद सोडले आणि साऱ्या देशाचे पंतप्रधान होण्यासाठी मैदानात उतरले. हेलिकॉप्टरमधून केलेला त्यांचा प्रचार त्या काळी अपूर्व होता. निकाल लागला तेव्हा ३१२ जागांपैकी नॉर्दर्न पीपल्स काँग्रेसला १३४, एनसीएनसी व तिच्या उत्तरेतील मित्रपक्षाला ८९ आणि ॲक्शन ग्रुपला ७३ जागा होत्या. अबुबकर तफावा बलेवा पंतप्रधान झाले, आवोलोवो लागोसमध्ये विरोधी पक्षनेते झाले, आणि इबादानची खुर्ची अकिंटोला यांच्याकडे आली. १ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा ॲक्शन ग्रुपची स्थिती ही अशी होती: पक्षाच्या नेत्याकडे सत्ता नव्हती आणि ज्याच्याकडे सत्ता होती तो नेता नव्हता.

नाटक ज्या जागेवरून उडी मारून पुढे जाते ती ही जागा. प्रांताचा पैसा, नेमणुका, कंत्राटे प्रीमियरच्या हाती. पक्षाचे धोरण मात्र अध्यक्षाच्या हाती. आवोलोवो यांची अपेक्षा अशी की प्रांतिक सरकारने महत्त्वाचे निर्णय पक्षाला विचारून घ्यावेत. अकिंटोला यांची भूमिका अशी की, ऑगस्ट १९६० ची प्रांतिक निवडणूक आपल्या सरकारने जिंकली आहे, आपण विधानसभेला जबाबदार आहोत. लागोसमध्ये बसलेल्या माणसाला रोज विचारायचे तर प्रीमियर कशाला? यात महत्त्वाकांक्षा होती, हे उघड आहे. परंतु युक्तिवादही होता. तसेच आवोलोवो यांच्या आग्रहात तत्त्व होते, हे उघड आहे. परंतु सोडलेली खुर्ची दुसऱ्याच्या नावावर राहावी आणि तिची सूत्रे आपल्याकडे असावीत, ही इच्छाही त्यात नव्हती असे म्हणणे कठीण.

मतभेद केवळ खुर्चीचे नव्हते. आवोलोवो या काळात ‘लोकशाही समाजवादा’कडे वळले होते. उत्तरेच्या सरंजामी सत्तेविरुद्ध देशभर लढायचे, त्यासाठी विरोधी बाकांवर बसणे हेच कर्तव्य, असे त्यांचे मत. अकिंटोला यांना हे परवडणारे वाटत नव्हते. उत्तर आणि पूर्व मिळून केंद्र चालवत आहेत, नोकऱ्या आणि पदे त्यांच्यात वाटली जात आहेत आणि योरूबा समाज तत्त्वाच्या नावाखाली बाहेर उभा आहे. तेव्हा केंद्रातील सरकारात सामील व्हावे, असे त्यांचे म्हणणे. एकाची निष्ठा कार्यक्रमाशी, दुसऱ्याची आपल्या समाजाच्या वाट्याशी. दोन्हीही निष्ठाच होत्या, आणि दोन्हींतून आपापल्या नेत्याचा मार्ग सोयीस्करपणे वर जात होता.

फेब्रुवारी १९६२ मध्ये जोस येथील अधिवेशनात फूट उघडी पडली. मे महिन्यात पक्षाच्या कार्यकारिणीने अकिंटोला यांना गैरकारभार आणि पक्षविरोधी कृत्ये यांबद्दल दोषी ठरवून राजीनामा मागितला. त्यांनी तो दिला नाही. तेव्हा विधानसभेच्या ६६ सदस्यांनी सही केलेले पत्र प्रांताचे गव्हर्नर, म्हणजेच इफेचे पारंपरिक राजे ओओनी सर अदेसोजी अदेरेमी, यांच्याकडे गेले. २१ मे रोजी गव्हर्नरांनी अकिंटोला यांना पदावरून दूर केले आणि दाऊदा अदेगबेन्रो यांना प्रीमियर नेमले. सभागृहात मतदान झालेच नव्हते. बहुमत पत्रावर मोजायचे की सभागृहात, हा प्रश्न भारतीय वाचकाला अपरिचित नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात सभागृहाच्या बाजूने कौल दिला. नायजेरियात तोच प्रश्न तीन दशके आधी आला आणि त्याने एक प्रजासत्ताक पोखरले.

२५ मे १९६२ रोजी नव्या प्रीमियरवर विश्वास व्यक्त करण्यासाठी विधानसभा भरली. अकिंटोला यांचा एक समर्थक मेजावर चढून आग लागल्याची आरोळी देऊ लागला, खुर्च्या फेकल्या गेल्या, राजदंडाची ओढाताण झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. २९ मे रोजी केंद्राने प्रांतात आणीबाणी जाहीर केली आणि केंद्रीय मंत्री डॉ. मोझेस माजेकोदुन्मी यांना प्रशासक नेमले. ज्यांना आवोलोवो नको होते, त्यांना आयती संधी मिळाली. कोकर आयोगाने प्रांतिक महामंडळांचे हिशेब तपासले. सार्वजनिक पैसा पक्षाकडे वळवल्याचा ठपका त्याने आवोलोवो यांच्यावर ठेवला. अकिंटोला यांना मात्र निर्दोष ठरवले. ठपका बिनबुडाचा होता असे नाही. परंतु पक्षाचा उपनेता आणि नंतर प्रीमियर असलेल्या माणसाला त्याची झळही लागू नये, यातून चौकशीचा रोख कळतो. मग राजद्रोहाचा खटला आला. तो चालू असतानाच, जुलै १९६३ मध्ये, आवोलोवो यांचा वकील असलेला थोरला मुलगा सेगुन मोटार अपघातात गेला. सप्टेंबर १९६३ मध्ये आवोलोवो यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

दरम्यान १ जानेवारी १९६३ रोजी अकिंटोला नवा पक्ष घेऊन, एनसीएनसीच्या टेकूने, पुन्हा प्रीमियर झाले होते. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की गव्हर्नरांनी १९६२ मध्ये केलेली बडतर्फी वैध होती, म्हणजे खरे प्रीमियर अदेगबेन्रो. प्रांतिक विधिमंडळाने पूर्वलक्षी घटनादुरुस्ती करून तो निकालच निरर्थक ठरवला. येथवर अकिंटोला यांच्या बाजूने जो काही युक्तिवाद करता येत होता, तो या दिवशी संपला असे मी मानतो. विधानसभेला जबाबदार असल्याचा दावा करणाऱ्या माणसाने न्यायालयाचा कौल मोडण्यासाठी तीच विधानसभा वापरली. यानंतरची त्यांची सत्ता स्वतःशिवाय कशाशीही बांधलेली नव्हती.

१९६४ मध्ये त्यांनी एनसीएनसीतील फुटीर घेऊन नायजेरियन नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टी काढली. हे नाव १९२३ मध्ये हर्बर्ट मॅकॉले यांनी काढलेल्या, राष्ट्रीय चळवळीच्या आद्य पक्षाचे होते. त्याच वर्षी त्यांनी ‘आरे ओना काकानफो’ ही पदवी घेतली. काकानफो म्हणजे जुन्या ओयो साम्राज्याचा सरसेनापती. १८८५ मध्ये इबादानचे लातोसा वारले तेव्हापासून ती पदवी रिकामी होती. तिचा इतिहास योरूबा माणसाला पाठ असतो: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इलोरिनचा काकानफो आफोंजा याने आपल्याच सम्राटाविरुद्ध बंड केले, त्यासाठी उत्तरेच्या फुलानी मंडळींची मदत घेतली आणि शेवटी त्याच मित्रांच्या हातून तो मारला गेला. उत्तरेच्या नेत्यांशी युती केलेल्या अकिंटोला यांनी हीच पदवी घ्यावी, यात ओगुंडे यांच्या प्रेक्षकांना अर्थ दिसला नसता तरच नवल. इतिहास त्यांना रूपक पुरवीत होता आणि ते आपणहून त्या रूपकात शिरत होते.

ऑक्टोबर १९६५ ची प्रांतिक निवडणूक ही निवडणूक राहिलीच नाही. विरोधकांचे अर्ज दाबले गेले, निकाल बदलून जाहीर झाले. लोकांनी उत्तर दिले ते पेट्रोलने. घरे आणि माणसे भिजवून पेटवण्याच्या त्या प्रकाराला ‘ऑपरेशन वेटी’ असे नाव पडले. याच काळात इबादानच्या नभोवाणी केंद्रावर अकिंटोला यांच्या विजयाच्या भाषणाऐवजी भलतीच ध्वनिफीत वाजली. त्याबद्दल एका तरुण नाटककारावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. त्याचे नाव वोले सोयिंका. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला १९९४ मध्ये त्यांनी ‘इबादान: द पेंकेलेमेस इयर्स’ असे नाव दिले. ‘पेंकेलेमेस’ हे अदेलाबू यांनी वापरलेल्या ‘पिक्युलियर मेस’ या इंग्रजी शब्दांचे लोकांच्या तोंडी झालेले रूप. गालिचा न ओलांडणारा तो एकटा माणूस भाषेत असा शिल्लक राहिला.

१५ जानेवारी १९६६ च्या पहाटे लष्करी उठाव झाला. अकिंटोला इबादानमध्ये मारले गेले. बलेवा आणि अहमदू बेल्लोही त्या उठावात गेले.

त्याच महिन्यात चिनुआ अचेबे यांची ‘अ मॅन ऑफ द पीपल’ ही कादंबरी प्रकाशित झाली आणि तिचा शेवट लष्करी उठावाने होतो, हा योगायोग पुष्कळांनी नोंदवला आहे. आपल्या वर्गांत अचेबे बहुधा ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मुळे भेटतात, पण आपल्या प्रश्नासाठी ही कादंबरी अधिक उपयोगी आहे. तिच्यातला देश बेनाव आहे, कथानक पश्चिम प्रांताचे नाही. परंतु निष्ठा हा शब्द राजकारणात कसा चालतो, हे अचेबे पहिल्याच प्रकरणात दाखवतात. अर्थमंत्री पंतप्रधानांना अप्रिय पण योग्य सल्ला देतो. त्याला द्रोही ठरवून काढले जाते. सभागृहात त्याच्यावर सर्वांत मोठ्याने ओरडणारा मागल्या बाकावरचा सदस्य म्हणजे नांगा, आणि ती ओरड हीच त्याची मंत्रिपदाची पहिली पायरी ठरते. म्हणजे येथे निष्ठा हेच महत्त्वाकांक्षेचे साधन आहे. त्याला आव्हान देणारा निवेदक ओडिलीही स्वच्छ नाही. तत्त्वाआधी त्याला आठवतो तो नांगाने मैत्रिणीच्या बाबतीत केलेला आपला अपमान. ओगुंडे विचारतात, घात कोणी केला? अचेबे विचारतात, घात झाला असे कोण ओरडते आहे आणि ओरडून त्याला काय मिळते? मला वाटते, पहिल्या प्रश्नाचे उत्तर नागरिकाला हवे असते. दुसरा प्रश्न विचारण्याची सवय मात्र वाचनाने लागते.

आवोलोवो ऑगस्ट १९६६ मध्ये सुटले, यादवी युद्धाच्या काळात केंद्राचे अर्थखाते त्यांनी सांभाळले आणि १९७९ मध्ये नव्या पक्षासह पुन्हा अध्यक्षपदाच्या रिंगणात उतरले. पाच राज्ये त्यांच्या पक्षाकडे आली, अध्यक्षपद आले नाही. १९८३ मध्ये ओंडो राज्यात जुनाच प्रयोग नव्या नटांनी केला. पक्षाची उमेदवारी न मिळालेले उपराज्यपाल अकिन ओमोबोरिओवो केंद्रातल्या सत्ताधारी पक्षात गेले, राज्यपाल अजासिन यांच्याविरुद्ध त्यांना विजयी घोषित करण्यात आले, लोकांनी पुन्हा आगी लावल्या, आणि न्यायालयाने निकाल फिरवला. माणसे जाळली गेली याचे समर्थन कधीच होऊ शकत नाही. पण त्या आगीतून एक गोष्ट दिसते: पक्ष हे आपले काही आहे, तो विकला गेला तर आपले काही विकले जाते, असे सामान्य माणूस मानत होता.

१९९९ नंतरच्या नायजेरियात हे मानणे उरलेले दिसत नाही. अतिकू अबुबकर पीडीपीचे उपाध्यक्ष असताना २००६ मध्ये ॲक्शन काँग्रेसकडे गेले, परत पीडीपीत आले, २०१४ मध्ये एपीसीत, २०१७ मध्ये पुन्हा पीडीपीत, आणि २०२५ मध्ये तीही सोडून एडीसीकडे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पक्ष बदलल्याने उपाध्यक्षपद जात नाही. घटनेच्या ६८ व्या कलमाने पक्षांतर करणाऱ्या केंद्रीय खासदाराची जागा जाते. परंतु मूळ पक्षात फूट असेल तर जात नाही, आणि फूट काय, ती दाखवता येते. २०२३ मध्ये अतिकू यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाचे उमेदवार असलेले इफेआनी ओकोवा एप्रिल २०२५ मध्ये डेल्टा राज्याच्या राज्यपालांसह एपीसीत गेले. सोबत त्या राज्यातली पक्षाची सारी यंत्रणाही गेली. ‘ऑपरेशन वेटी’ झाले नाही, हे चांगलेच झाले. पण कोणी ‘द्रोह’ हा शब्दही फारसा गांभीर्याने उच्चारला नाही.

म्हणून आवोलोवो-अकिंटोला प्रकरणाकडे मी थोड्या वेगळ्या आदराने पाहतो. दोघेही महत्त्वाकांक्षी होते. एकाने पक्षाला स्वतःपासून वेगळे होऊ दिले नाही, दुसऱ्याने स्वतःसाठी पक्ष मोडला. निष्ठेचे नियम लिहायला हवे होते तेव्हा तिला राजा आणि दुय्यम यांच्या नात्याची भाषा दिली गेली, आणि नाटकाने तीच भाषा पक्की केली. तरीही त्यांच्या भांडणात समाजवाद होता, केंद्रात जावे की न जावे हा प्रश्न होता, बहुमत कसे मोजावे हा प्रश्न होता. ओगुंडे यांना नाटक लिहावेसे वाटले, कारण तेव्हा मोडण्यासारखे काही होते. वर्गात हे नाटक आणि अचेबे यांची कादंबरी शेजारी ठेवून वाचावी, असे सुचवावेसे वाटते. आणि विद्यार्थ्यांना विचारावे की ओगुंडे आज असते, तर डेल्टामधल्या या पक्षांतरावर त्यांनी कोणत्या राजाची गोष्ट लिहिली असती.